उपाशी पोटी सहा मिनिटं

रेल्वेत मी गँगमन होतो. तीस वर्षांच्या वर तिगावच्या अंगानं रूळ पायाखाली घातले, खांद्यावर हातोडा घेऊन. म्हणून सौंसरच्या दवाखान्यातली फिजिओवाली पोरगी जेव्हा म्हणाली, "काकाजी, आज तुमचं चालणं मोजायचं आहे," तर खरं म्हणजे मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. त्या मोजण्यात माझं घर अडकलं होतं.

बायको गेली आणि तिच्यामागून चार महिन्यांत मला झटका आला. नागपूरला नेलं, हृदयाच्या नळीत दोन छल्ले टाकले. तेव्हापासून माझी पोरगी मागे लागली, "बाबा, आता पांढुर्ण्यात एकटं राहायचं नाही. नागपूरले चला." ती एकच आहे आम्हाला. जावई चांगला आहे. पण मी जात नव्हतो. पांढुर्ण्याच्या घरात बायको नाही हे मला कळतं, मी काही वेडा नाही. पण दुसऱ्या कोणाच्या घरात तर ती मुळीच नाही.

आमचं भांडण डॉक्टरसमोर झालं. डॉक्टरनं तोड काढली. तीन महिने व्यायाम करा, मग मोजू. सहा मिनिटांत साडेतीनशे मीटर चालले आणि हात न टेकवता खुर्चीवरून दहा वेळा उठले, तर राहू द्या एकटं. नाही तर पोरीकडं. पोरगी म्हणाली, "मंजूर." मीही म्हणालो, "मंजूर." बोली झाली.

आता माझी चूक सांगतो. नोकरीत असताना दर काही वर्षांनी आमचं मेडिकल व्हायचं. नापास झाला की माणसाला लाइनीवरून काढून कुठंतरी पाणी पाजायला बसवायचे. म्हणून आम्ही गँगवाले आठ दिवस आधीपासून तयारी करायचो. तंबाखूचा खर्रा बंद, जागरण बंद, आणि त्या दिवशी सकाळी पोटात दाणा नाही की गोळी नाही. रक्त उपाशी पोटी द्यायचं असते ना. ते डोक्यात असं बसलं की तपासणी म्हटली म्हणजे उपाशी. कोणाला विचारायची गरज पडली नाही. त्या सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. हृदयाची गोळी, नाडी आवरून धरणारी, ती तशीच पाकिटात ठेवली आणि सौंसरची बस धरली.

पोरगी नागपूरहून येऊन स्टँडवर उभी होती, हातात डबा. बरोबर दवाखान्यात गेलो.

फिजिओवालीनं बोटाला चिमटा लावला. "नाडी जरा जास्त आहे, काकाजी. गोळी घेतली ना?"

मला वाटलं, ही आता घरी पाठवते.

"घेतली," मी म्हणालो.

"नाश्ता?"

"झाला."

"बाबा कधीपासून नाश्ता करून राहिले?" पोरगी म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलंच नाही.

दहा मिनिटं बसवून ठेवलं. नाडी थोडी उतरली. मग हाताची ताकद पाहायला एक मूठ दाबायला दिली. दाबली. ती म्हणाली, "बाप्पा, मशीन मोडून टाकान तुम्ही." मग खुर्ची. हात छातीवर आडवे धरून उठायचं, बसायचं. बारा वेळा उठलो. बाराव्याला मांड्या थरथरल्या, पण पायजम्यात कोणाला दिसते? पोरीचं तोंड उतरलं. मी मनात म्हणालो, अर्धी गाडी निघाली.

राहिलं चालणं. दवाखान्याच्या लांब ओसरीत तीस मीटरवर प्लास्टिकच्या दोन टोकदार टोप्या ठेवल्या होत्या. एकीपासून दुसरीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मी हिशेब लावून ठेवला होता, बारा फेऱ्या झाल्या की सुटलो.

"पळायचं नाही," फिजिओवाली म्हणाली. "दम लागला तर थांबा, टेका, बसा. काही वाटलं तर लगेच सांगा. मी मधात बोलणार नाही, फक्त वेळ सांगीन."

आणि खरंच, दर मिनिटाला ती एकच वाक्य म्हणे, "छान चालताय. पाच मिनिटं बाकी. छान चालताय. चार मिनिटं बाकी." स्टेशनावर गाड्या सांगणाऱ्या बाईसारखी, आवाज ना वर ना खाली. मला राग येऊन राहिला होता. रुळावर मी असा चाललो असतो तर मुकादमानं काढून दिलं असतं, आणि ही म्हणते छान.

पाच फेऱ्या झाल्या. सहा झाल्या. पोरगी भिंतीपाशी बाकावर बसली होती, डबा मांडीवर. ती माझ्याकडं पाहत नव्हती, माझ्या पायाकडं पाहत होती. सातव्या फेरीला घाम फुटला, थंड. छातीवर कोणी रुळाखालचा स्लीपर ठेवावा तसं जड झालं आणि जबड्यात कळ चढली. ही कळ मला ओळखीची होती. मी पाय आवरले नाहीत. पाच फेऱ्या राहिल्या होत्या, दीडशे मीटर. एवढं तर मी विडी ओढत चालायचो. टोपीला वळसा घातला तेव्हा भिंत जरा सरकली.

"काकाजी, छातीत काही होऊन राहिलं का?"

"गॅस," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून निघाला आणि माझे पाय आपोआप थांबले.

बायको गेली त्या दुपारी ती दारात बसून सुपात डाळ पाखडत होती. छातीवर हात ठेवून म्हणाली, "गॅस झाला वाटते." मी चप्पल घालत होतो. म्हणालो, "मंग ओवा खा." आणि जुन्या सोबत्यांत बसायला स्टेशनाकडं निघून गेलो. परत आलो तर सूप आडवं पडलं होतं. पोरीनं रडत रडत विचारलं होतं, "बाबा, मायनं काही सांगतलं होतं का तुम्हाले?" मी नाही म्हणालो होतो.

"गॅस नाही," मी फिजिओवालीला म्हणालो. "तेच आहे. मांगच्यासारखं. आणि गोळी घेतली नाही मी. सकाळपासून उपाशी आहे."

पोरगी डबा टाकून धावली. खुर्ची आली, डॉक्टर आला, जिभेखाली गोळी ठेवली, मशीनवर हृदयाची पट्टी काढली. दोन तास झोपवून ठेवलं, पुन्हा पट्टी काढली. नवा झटका नव्हता. गोळी नाही, पोटात काही नाही आणि वर ही धावपळ, म्हणून हृदयानं ओरड केली, असं डॉक्टर म्हणाला. फिजिओवाली मात्र चिडली होती.

"उपाशी कोणी सांगतलं तुम्हाले?"

"मेडिकल म्हणजे उपाशीच असते."

"चपलेचं माप देताना पाय आखडून घेता का, काकाजी? हे तसंच आहे. जेवढं आहे तेवढं दाखवा ना."

ती गेल्यावर पोरगी खाटेजवळ बसली. मी वर पाहत बोललो. तिच्या मायनं त्या दुपारी काय म्हटलं, मी काय म्हटलं आणि कुठं गेलो, सगळं. काही गाळलं नाही.

"सात महिने," ती म्हणाली. "सात महिने मी डॉक्टरले, देवाले, सगळ्याले शिव्या देऊन राहिली. तुम्ही ऐकत बसले."

"हो."

ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, नागपूरची बस धरली असेल तिनं. धरली असती तरी मी काय म्हणणार होतो? बऱ्याच वेळानं परत आली. डोळे धुतलेले होते. डबा पुढं ठेवला आणि म्हणाली, "गोळी घ्यायची आहे, खा."

संध्याकाळच्या आत डॉक्टरनं सोडलं. स्टँडवर दोन्ही बसा लागल्या होत्या. पोरगी पांढुर्ण्याच्या बसकडं वळली.

"चला, घरी सोडते. पंधरा दिवस मी राहते तिथं. मंग पुन्हा मोजू. टेस्ट पुरी झाली नाही म्हणते ती फिजिओवाली."

"झाली," मी म्हणालो. "मी थांबलो तेवढीच होती ती. साडेतीनशे भरले नाहीत. बोली झाली होती आपली."

आणि नागपूरच्या बसमध्ये चढलो.

"अवो, पण कपडे?"

"जावयाचे घालीन."

"त्यात तुमच्यासारखे दोन मावतीन."

"मंग नाडा घट्ट बांधीन. बस आता."

ती शेजारी बसली. कंडक्टरनं घंटीला हात घातला, तेव्हा तिनं मला विचारलं, "आता काही होऊन राहिलं का?"

नाही म्हणणं तोंडात तयारच होतं.

"थोडं जड आहे," मी म्हणालो. "चढलो म्हणून असन."

तिनं उठून कंडक्टरला सांगितलं, "भाऊ, पाच मिनिटं थांबा. बाबाचं हृदयाचं आहे." तो कुरकुरला, बस काय तुमच्या घरची आहे का म्हणाला. पण थांबला. सगळी बस माझ्याकडं पाहत होती. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं.