मी उपाशी, म्हणून आत्ती उपाशी

माझी दवाखान्याची पिशवी दाराजवळच्या खुंटीला कायम भरलेली असते. जुने एक्स-रे, आधीचे डिस्चार्ज पेपर, गाऊन, टॉवेल, मोबाईलचा चार्जर आणि ओठांना लावायला डबीत थोडं तूप. तोंडावाटे पाणी बंद झालं की ओठ तडकतात, हे पहिल्याच खेपेला कळलं.

गर्भाशय काढलं त्याला बरीच वर्षं झाली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, वरचे टाके सुकले. पण आत आतडी एकमेकांना आणि जुन्या जखमेला चिकटत गेली. चिकटलेल्या जागी पीळ पडला की सगळं अडतं. पोट फुगतं, कळा येतात, हिरवी उलटी होते. पोट पुन्हा उघडून मोकळं करता येतं, पण उघडलं की नव्यानं चिकटण्याची भीती, म्हणून सर्जन जमेल तोवर थांबतात. नाकातून नळी, हाताला सलाईन, तोंडात थेंब नाही आणि वारा सरायची वाट.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. द्राक्षाची बाग आणि बेदाण्याची शेड आहे. घरचा बेदाणा मला सालीमुळे वर्ज्य आहे, त्याचं आता काही वाटत नाही. मी सगळं लिहून ठेवणारी बाई. फ्रिजवर कागद चिकटवलेला असतो: मी दवाखान्यात असताना शेडवर कोण थांबणार, कामाला येणाऱ्या बायकांचा चहा कोण करणार, म्हशीची धार कोण काढणार. त्यात आत्ती जेवतील की नाही, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. ते लिहावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात. त्यांना साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी असते.

बेदाण्याच्या ऐन दिवसांत मला सांगलीला ॲडमिट केलं, त्या खेपेला नवऱ्याचा घरून फोन आला. आत्ती शेडच्या दारात घामाघूम होऊन खाली बसल्या होत्या. गावातल्या डॉक्टरांनी साखर चारली तेव्हा सावरल्या. मी ॲडमिट झाल्यापासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. दर खेपेला असंच करतात, असं शेजारच्या चुलत जावेनं तेव्हा सांगितलं. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. दर खेपेला मी घरी आले की त्यांचे गाल बसलेले दिसायचे आणि मी ते उन्हाच्या खात्यावर टाकायची.

मी नाकात नळी असतानाच फोन लावला.

"आत्ती, तुमी जेवला न्हाई म्हणं."

"भूक न्हाई."

"गोळी?"

"गोळी घेतली की."

"आवं, गोळी घेऊन उपाशी ऱ्हायचं नसतं."

"तूबी हायसच की उपाशी."

"मला सलाईन हाय."

"मला देवी हाय."

त्यांनी देवीला शब्द दिला होता, माझं पोट सुटेपर्यंत त्या अन्नाला शिवणार नाहीत. मग मी सरळ खोटं बोलले. "सुटलं आत्ती. मगाशीच सुटलं. आता जेवा."

त्या जेवल्या. नुसत्या जेवल्या नाहीत, देवीला नारळ फोडला आणि गल्लीत गूळ वाटला. तोच गूळ कागदात बांधून नवरा दवाखान्यात आला, तेव्हा सर्जन माझ्या पोटावर हात ठेवून सांगत होते की अजून काहीच हालचाल नाही, उद्यापर्यंत सुटलं नाही तर उघडावं लागेल. नवऱ्यानं बाहेर जाऊन घरी फोन केला. मी खोटं बोललेय, हे त्याला आधी सांगायला हवं होतं. कळांमध्ये राहूनच गेलं.

वारा दुसऱ्या दिवशी सरला, ऑपरेशन टळलं. मी घरी कळवलं. आत्तींनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. "सिस्टरकडं दे फोन," म्हणाल्या.

"बाई, तुमी ऐकलं का?"

"ऐकलं की आजी," सिस्टर म्हणाली. "सगळ्या वॉर्डानं ऐकलं."

घरी आले तर आत्ती खोट्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यासाठी मऊ भात गाळत असताना, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्या भाकरी खाल्ली, म्हणून तुझं पोट आणिक बांधलं."

मी समजावून सांगितलं. आतडी कशी चिकटतात, पीळ कसा पडतो, त्यांच्या भाकरीचा माझ्या पोटाशी काही संबंध नाही. त्यांनी औषध विकायला आलेल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. त्यांचा उपास मोडावा म्हणून मी खोटं बोलले आणि तो मोडल्याचा दोष त्यांच्या गळ्यात बांधला. तो मला अजून काढता आलेला नाही.

देवीशी वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं आणि आत्तींशी सौदा केला. उपास करा, पण उपासाचं खा: दूध, केळं, भगर. गोळी डॉक्टर सांगतील तशी. वेळेवर दूध द्यायचं काम जावेकडे. आणि मी घरातून निघायच्या आधी माझ्यासमोर पोटभर जेवायचं, कारण उपास माझ्या जाण्यापासून सुरू होतो, त्याआधी नाही. त्यांनी विचार करायला सगळा दिवस घेतला, मग म्हणाल्या, "बघू."

परवा पुन्हा पोटात पीळ पडला. पहिली उलटी झाल्यावर मी पिशवी खुंटीवरून काढली आणि पोट धरून उंबऱ्यावर बसले. बाहेर नवऱ्यानं गाडी चालू केली. आत्ती ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या. भाकरी आणि आमटी. त्या माझ्या पोटाकडं बघत होत्या आणि मी त्यांच्या ताटाकडं.

"चावून खावा, आत्ती."

"तू जा गं. उशीर करू नगंस."

"तुमचं झालं की जाते."

बाहेर हॉर्न वाजला. मला लवकर निघता यावं म्हणून उरलेली भाकरी त्यांनी आमटीत कुस्करली आणि न चावताच भराभर गिळली.