पुतळाबाईंची अक्कलदाढ

कोपरखैरण्यात सुधीर गोठोसकरचा दातांचा दवाखाना होता. सत्त्याण्णव साली त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि सहा महिने खपून स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. अक्कलदाढ किती आडवी, किती खोल, मुळं सरळ की वाकडी, एवढं भरलं की पडद्यावर यायचं: सोपी, मध्यम किंवा अवघड. अवघड दाढ तो वाशीच्या सर्जनकडे पाठवायचा. साठेक अंदाज बरोबर आले, तसा तो येणाऱ्याजाणाऱ्याला पडदा दाखवू लागला.

तळवलीच्या पुतळाबाई दाढ काढायला आल्या, त्या दिवशी त्याचा एक वर्गमित्र मुद्दाम प्रोग्राम बघायला आला होता. एक्स-रेत मुळाचं टोक आलंच नव्हतं. दुसरा काढायला हवा होता. पण मित्र मागे उभा. सुधीरनं ‘सरळ’ भरलं. पडद्यावर आलं, सोपी.

दोन तास तो झटत राहिला. मूळ आकड्यासारखं वाकडं निघालं आणि आतच मोडलं. मित्र केव्हाच निघून गेला होता. बाहेर बसलेल्या पुतळाबाईंच्या मुलीला, अरुणाला, तो म्हणाला, “कॉम्प्युटरनं सोपी सांगितली होती. मशीनच चुकलं.”

तिसऱ्या दिवशी पुतळाबाई जखम दाखवायला आल्या. सुजल्या तोंडानं हळू विचारलं, “त्या मशीनला कोनी सांगलं व्हतं?”

सुधीर हात धूत होता. धुतलेले हात त्यानं पुन्हा धुतले.

“मी,” तो म्हणाला. “मूळ दिसलं नव्हतं. मी अंदाजानं भरलं. मित्रासमोर मिरवायचं होतं.”

“मंग मशीनच्या नावानं कशाला बोटं मोडली?”

त्याला त्यांच्याकडे बघवेना. त्याच दुपारी रिक्षानं तो त्यांना वाशीला घेऊन गेला आणि त्यांच्यादेखत सर्जनला सगळं सांगितलं. राहिलेलं मूळ अर्ध्या तासात निघालं, पण मुळाजवळची नस दुखावून खालचा ओठ बधिर झाला. चहा ओघळला तरी त्यांना कळत नसे. दर रविवारी सुधीर तळवलीला जाऊन कापसाच्या टोकानं ओठ तपासायचा. “आज हितवर कळतंय,” त्या बोटानं दाखवायच्या. चार महिन्यांनी ओठ शुद्धीवर आला.

प्रोग्राममध्ये त्यानं ‘दिसत नाही’ असा पर्याय घातला; तो निवडला की पुढचं काही चालत नसे.

दुसऱ्या बाजूची दाढ पुतळाबाईंनी वाशीलाच काढून घेतली. अरुणानं रस्त्यात सहज सांगितलं. “बरं केलं,” एवढंच तो म्हणाला.