आयव्ही क्लेगचं नाक

आयव्ही क्लेगनं जन्मात बिअरचा थेंब जिभेला लावला नाही, आणि अख्ख्या हॅदरशॉ गावात तिच्या तळघरातल्या बिअरच्या पासंगाला दुसरी बिअर पुरत नसे. दोन्ही गोष्टी खऱ्या. दहा वर्षांची असताना चॅपलमध्ये इतर पोरांबरोबर तिनंही एका कार्डावर सही केली होती, की दारू ओठाला लावणार नाही. पुढं लग्न केलं ते पबवाल्याशी. आई वर्षभर बोलली नाही. आयव्हीनं मात्र ते कार्ड फ्रेम करून आणलं आणि नवऱ्याच्या ‘शटल’ पबच्या बारमागं, रमच्या बाटल्यांच्या वर, टांगलं. एखादं नवं गिऱ्हाईक ते वाचून हसलं, की तिचा नवरा विल्फ म्हणायचा, “हसू नगंस बाबा. हिनं शपत मोडली तर मला इकायला काय ऱ्हाईल?”

मग बिअरची पारख ती करायची कशी? नाकानं. पिंपं तळघरात उतरवून घेणं, घडवंचीवर आडवी मांडणं, लाकडी हातोड्यानं तोटी ठोकणं, ही अंगमेहनत विल्फची. पुढचं सगळं आयव्हीचं. रोज सकाळी दहाच्या आत ती शाल गुंडाळून खाली उतरे, प्रत्येक पिंपातली घोटभर बिअर ग्लासात घेई, मेणबत्तीसमोर धरून बघे आणि मग डोळे मिटून ग्लासात नाक घाली. जिभेला कळेपर्यंत पिंप हातचं गेलेलं असतं, नाकाला दोन दिवस आधी कळतं, असं तिचं म्हणणं. हे आज लावा, हे उद्या, हे अजून झोपलंय, असं बोटानं दाखवून ती वर येई. वर आल्यावरही भरलेला प्रत्येक ग्लास आधी नाकाशी नेल्याशिवाय पुढं सरकवत नसे. गिऱ्हाइकाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट एखाद्या दिवशी गर्दीत ती विसरली, तर माणूस ग्लास परत तिच्यापुढं धरी.

‘शटल’ आमच्या गल्लीच्या टोकाला, मिलच्या फाटकापासून शंभर पावलांवर. पाटीवर मागाचा धोटा रंगवलेला. आत कोळशाची शेगडी, भोवती बाकं, आणि कुठल्या बाकावर कोण बसणार हे बापजाद्यांपासून ठरलेलं. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटायच्या, बरणीत व्हिनेगरमधली अंडी, शनिवारी मटारांचं गरगटं आणि वर पुदिन्याची आंबट चटणी. मी मिलमध्ये जॉबर होतो. मागांच्या खडखडाटात आम्ही दिवसभर एकमेकांचे ओठ वाचून बोलायचो. घरी दोन खोल्या आणि सहा माणसं. आवाज न चढवता माणसानं माणसाशी दोन शब्द बोलावेत अशी जागा म्हणजे शटल. आज वाटतं, बिअर तर कुठंही मिळाली असती. आम्ही तिथं जात होतो ते ऐकायला आणि ऐकवायला.

एकसष्टच्या शरदात विल्फ गेला. छातीचं दुखणं, तीन दिवसांत खेळ आटोपला. पबची इमारत बिअर पुरवणाऱ्या ब्रुअरीची, वर राहायच्या खोल्याही त्यांच्याच. ब्रुअरीनं आयव्हीला कळवलं की जूनपर्यंत तात्पुरतं चालवा. जूनच्या पहिल्या सोमवारी आमचा माणूस येईल, तळघर आणि बिअर बघेल, मग ठरवू. बाई एकटी तळघर सांभाळू शकत नाही, असं त्यांचं मत होतं. पत्रात तसं लिहिलं नव्हतं, पण तिला ते वाचता आलं. नापास झाली तर पब गेला आणि डोक्यावरचं छप्परही गेलं. त्रेपन्नाव्या वर्षी ती मिलच्या कॅन्टीनात भांडी घासायला गेली असती.

फेब्रुवारीत फ्लूची साथ आली. आयव्ही दहा दिवस अंथरुणात होती. उठली, बारमागं उभी राहिली, रंग थोडा उतरलेला, बाकी तशीच. ग्लास नाकाशी न्यायची, पुढं सरकवायची.

एप्रिलात हवा गरम व्हायला लागली आणि एका संध्याकाळी माझ्या ग्लासाला उकडलेल्या कोबीच्या पाण्याचा वास आला. मी शेजारच्या हॅरल्डकडं बघितलं. त्यानं ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली आणि पुन्हा उचलला.

आमच्याकडं बिअर बिघडली तर तसं तोंडानं कुणी म्हणत नसे. अर्धा ग्लास तसाच बारवर ठेवायचा, ‘येतो’ म्हणायचं आणि निघायचं. तो अर्धा ग्लास बघून मालकाच्या काळजात धस्स व्हायचं. शिवी परवडली, पण अर्धा ग्लास नको. आता सांगा, सहा महिन्यांपूर्वी नवरा पुरलेल्या बाईच्या बारवर अर्धा ग्लास ठेवायचा कुणी? कुणीच ठेवला नाही. आम्ही तळापर्यंत प्यायलो. एकानं खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतली, ती कुंडी आठवड्यात वाळली. आयव्ही रिकामे ग्लास गोळा करायची आणि समाधानानं धुवायची.

मग एकेक जण बाटलीवर गेला. हॅरल्ड म्हणाला, डॉक्टरनं पोटासाठी बाटलीतली स्टाउट सांगितलीय. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना त्यांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं. मी म्हणालो, माझ्या बायकोला पिंपाच्या बिअरचा वास सोसत नाही. माझी बायको माझ्यापेक्षा जास्त प्यायची, हे आयव्हीला ठाऊक होतं. तिनं फक्त भुवई वर केली.

या सगळ्या काळात ईनॉक सग्डेन गावात नव्हता. लोकर निवडणारा माणूस, पासष्टीचा, बायको कधी केली नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फावर घसरून पाय मोडला आणि समुद्रकाठच्या मोरकॅम्बला बहिणीकडं जाऊन पडला. असा तिरसट माणूस मी पुन्हा बघितला नाही. चांगलं काही म्हणायचं झालं तर ‘वाईट न्हाई’ म्हणायचा. आम्हा सगळ्यांत एकटा तोच विडी-सिगरेट ओढत नसे. धुरानं लोकरीचा वास कळत नाही, म्हणायचा.

मेच्या एका शनिवारी, दुपारचा भोंगा होऊन आम्ही सगळे आत बसलेलो, तेव्हा तो काठी टेकत आला. आयव्हीचा चेहरा उजळला. तिनं ग्लास भरला, नाकाशी नेला, त्याच्यापुढं ठेवला. ईनॉकनं एक घोट घेतला. ग्लास ठेवला आणि बोटानं तिच्याकडं परत सरकवला. डॉमिनो थांबले.

“आयव्ही, ही मेलीया,” तो म्हणाला.

हॅरल्ड उठला. त्याला म्हणाला की तीन महिन्यांनी येतोस आणि पहिल्यांदा हेच बोलतोस, लाज वाटत नाही का. दोघंतिघं त्याला सामील झाले. मीही काहीतरी पुटपुटलो. आयव्हीचे कान लाल झाले होते. तिनं ग्लास उचलून वास घेतला.

“काय बी झालेलं न्हाई हिला.”

“पुन्यांदा घे.”

“घेतला.”

“कसला येतोय?”

ग्लास नाकाशी, आणि डोळे त्याच्याकडं. ईनॉक तिच्याकडं बघत राहिला, मग त्यानं काठी उचलली. “माझ्याच तोंडाची चव गेली आसंल,” तो जरा मोठ्यानं म्हणाला. “भन मासळीबिगर दुसरं कायबी रांधत न्हाई.” आणि निघून गेला. बिअरच्या बाबतीत माघार घेताना त्याला कुणी कधी बघितलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आम्ही त्याला गप्प केलं.

पुढचं मला आयव्हीनंच सांगितलं, पण खूप वर्षांनी. रविवारी सकाळी, लोक चॅपलला गेलेले असताना, तळघराच्या रस्त्याकडच्या झडपेवर काठी वाजली. तिनं उघडलं. ईनॉक मोडका पाय पुढं धरून, बसत बसत पायऱ्या उतरला. प्रत्येक पिंपाचा वास घेतला. पाचांतली तीन गेलेली होती. मग तो एका उपड्या खोक्यावर बसला आणि कधीपासून, एवढंच विचारलं.

फ्लूपासून, ती म्हणाली. पाव करपला तर धूर दिसल्यावर कळतो. सकाळी दूध उतू गेलेलं डोळ्यांनी दिसतं. वरच्या खोलीतल्या कपाटात विल्फचा कोट आहे, रोज रात्री ती त्यात तोंड खुपसून उभी राहायची. फ्लूतून उठली त्या रात्री कोटाला वास नव्हता. तिला वाटलं, माणूस गेला की काही दिवसांनी असंच होत असेल. आता हाही गेला, असं म्हणून तिनं कपाट लावून घेतलं. नाकाचा विचार तिच्या मनात आला तो महिन्याभरानं, आणि तेव्हा तो मनात ठेवायचं धाडस होईना. शिवाय ग्लास तर सगळे रिकामे येत होते. एवढी माणसं तळापर्यंत पितात, म्हणजे बिअर चांगलीच असणार.

“मी तुमच्यावर इस्वास ठिवला हुता,” ती मला म्हणाली. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.

त्या सोमवारी संध्याकाळी ईनॉक आमच्यात येऊन उभा राहिला. आयव्ही मागं शेगडीचा कोळसा आणायला गेली होती, तेवढ्यात त्यानं आम्हाला झोडपून घेतलं. नाकाचं एक अक्षर काढलं नाही. म्हणाला की पिंप फोडलं की तीन-चार दिवसांत संपायला हवं, हे तुमच्या आज्यांना ठाऊक होतं. तुम्ही बाटल्या ढोसत बसलात, पिंपं आठ-आठ दिवस उघडी पडली. आधी एक बिघडलं असेल, पुढची सगळी तुम्ही बिघडवलीत. “बाईवर दया केलीसा व्हय? दयेनंच सडीवलीसा समदी. जूनात ब्रुअरीचा मानूस आला की तिला सामान बांधाय मदत करा, त्यात बी दया दिसंल.”

हॅरल्डनं हातातली स्टाउटची बाटली बघितली आणि खाली ठेवली. त्याच्या डॉक्टरनं त्या दिवसापासून मत बदललं.

मेलेली पिंपं मागच्या गटारात गेली. नळ्या सोड्यानं तीनदा धुतल्या. जोराची कामं आम्ही दोघंतिघं आळीपाळीनं करायचो, आणि ईनॉक रोज सकाळी पावणेदहाला झडपेवर काठी वाजवायचा. आम्हाला सांगितलेलं कारण असं की पायाला व्यायाम हवा. पायऱ्यांनी पाय बरा होतो, हे आम्ही मान्य केलं. आम्ही सगळ्यांनी परत पिंपाची बिअर धरली आणि अशी प्यायलो की बायकांनी चौकशी सुरू केली.

जूनच्या पहिल्या सोमवारी अकराला, दार उघडताक्षणी, ब्रुअरीचा माणूस आला. रॉथवेल नाव, राखी टोपी, हातात कातडी बॅग. त्या दिवशी आम्ही अर्धा डझन जॉबर आणि विणकर एकदम आजारी पडलो होतो आणि मिलऐवजी शटलमध्ये बसलो होतो. रॉथवेल तळघर बघून आला, टोपी बाकावर ठेवली आणि अर्धा पाइंट मागितला. आयव्हीनं भरला, सवयीनं नाकाशी नेला, पुढं ठेवला. त्यानं उजेडात धरला, वास घेतला, प्यायला. चेहऱ्यावर काही दिसेना.

“बिअर उत्तम आहे,” तो म्हणाला. “तळघराचं सगळं कोण बघतं, मिसेस क्लेग?”

“तीच बघती,” हॅरल्ड मध्येच बोलला. “उभ्या खोऱ्यात असलं नाक न्हाई.”

तिनं फक्त मान हलवायची होती. आम्ही सगळे मनातल्या मनात तिची मान हलवत होतो.

“नाक माजं न्हाई,” आयव्ही म्हणाली. “फेब्रुवारीपासनं मला कसलाबी वास येत न्हाई. नाक त्या ईनॉकचं. बाकी समदं माजं.”

मी हॅरल्डकडं बघितलं, त्याचं तोंड उघडंच होतं. ईनॉक कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसलेला. रॉथवेल त्याच्याकडं वळला.

“यांना पगार काय देता?”

“कशाचा पगार,” ईनॉक म्हणाला. “रोज सकाळी हिच्याशी भांडाय मिळतंय की.”

रॉथवेल कागदावर बराच वेळ लिहीत होता. मग बॅग बंद केली आणि म्हणाला की आमच्याकडं असे पबवाले आहेत ज्यांचं नाक शाबूत आहे आणि बिअर नासकी आहे, आणि त्यांतला एकही हे माझ्या तोंडावर बोलला नाही. बारा दिवसांनी पत्र आलं. दाराच्या वरच्या पट्टीवरचं विल्फचं नाव खरवडून तिथं आयव्हीचं रंगवलं. रंगारी शिडीवर असताना ती आत गेली. बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.

त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं ईनॉक रोज पावणेदहाला जात राहिला. ते दोघं लग्न का करत नाहीत, यावर गल्लीनं पुष्कळ विचार केला. आयव्हीला कुणी विचारलंच, तर ती म्हणायची, दोन भांडखोर माणसांना एक तळघर पुरतंय.

एकाहत्तरच्या जानेवारीत ईनॉक झोपेत गेला. त्याला पुरून आल्यावर शटलमध्ये हॅमचं जेवण झालं. मी तेव्हा घरीच असायचो, मिलला आदल्या वर्षी टाळं लागलं होतं. ताटल्या उचलता उचलता आयव्ही माझ्याशेजारी येऊन बसली.

“आर्नल्ड, सिगरेट सोडतूस का?”

मी विचारलं, का.

“नाक पायजे.”

मी म्हणालो की हॅरल्ड आहे, आणखी चार जण आहेत. ती म्हणाली, एकजात गोडबोले. “तू बी त्यातलाच. पर तुला त्याची लाज हाय.”

सिगरेट सुटायला दोन महिने लागले. तोवर आयव्ही दोन दोन दिवसांत पिंप बदलत कसंबसं भागवत होती. एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी मला कोळशाचा, ओल्या दगडाचा, बायकोच्या साबणाचा वेगवेगळा वास यायला लागला आणि मी झडपेवर मूठ आपटली.

दुसऱ्याच दिवसापासून ईस्टरची सुट्टी, गाव लोटणार. घडवंचीवर चारच पिंपं. पहिलं चांगलं होतं. दुसऱ्याची घोटभर मी ग्लासात घेतली, मेणबत्तीसमोर धरली. काचेसारखी स्वच्छ. नाक घातलं. फार नव्हता वास, तळाशी थोडासा. एखाद्यानं वास नाहीच म्हटलं असतं तरी चाललं असतं. आयव्ही शाल लपेटून पायरीवर उभी होती, हात पोटाशी धरलेले. वय झालं होतं तिचं. नवं पिंप मंगळवारशिवाय येणार नव्हतं.

“गेलीया,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. कोबीचं पाणी.”

तिनं एकदा त्या पिंपाकडं बघितलं, मग भिंतीवरचा हातोडा काढून माझ्या हातात दिला.

“मग बगत काय बसलास? तोटी काड.”