पाठीमागे लपवलेले हात

दुकानाच्या दारात लाल टोपी घातलेला माणूस मुलांना चॉकलेटं वाटत होता. एका चिमुरडीने मात्र दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि संशयाने आईकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती.

आमच्या गावी शेजारच्या मार्थाबाई नाताळला घरोघर फराळाचं ताट पाठवत. एका वर्षी करंज्यांच्या शेजारी माझ्यासाठी कंपासपेटी आली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उलटीपालटी करून पाहिली. "फुकट कोण देतं? बाईंना काय हवंय ते कळू दे आधी," म्हणत त्यांनी पेटी फळीवर ठेवली. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आईने त्यात लाडू भरले, जरा जास्तच.

मार्थाबाईंनी काहीच मागितलं नाही. त्यामुळे दादांचा संशय वाढलाच. मग एकदा बाईंनी कुंपणावरून मला विचारलं, "काय गं, वर्तुळ नीट येतं का आता?"

दादांनी ते ऐकलं. "एवढंच हवं होतं होय!" असं पुटपुटत त्यांनी पेटी खाली काढली.

माझं शिक्षण त्या पेटीपासून सुरू झालं, असं मी मानते. तरीही लाल टोपीवाल्याने चॉकलेट माझ्यापुढे धरलं, तेव्हा तोंडून निघून गेलंच, "कशाबद्दल?"