आईचं पंधरा मिनिटांचं ऑपरेशन

आईच्या ऑपरेशनची तयारी मी इतकी चोख केली की ऑपरेशनच रद्द झालं.

आई राहायची सांगोल्याच्या बाजूला, गावी, पाच शेळ्यांबरोबर. पोटात दुखतंय म्हणून तिला सोलापूरला आणलं, तर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून फोटो दाखवला. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. “फुटली तर हाताशी वेळ राहणार नाही. ऑपरेशन करावं लागेल, पण जोखीम मोठी आहे. हृदय कमजोर आहे, आणि मिश्रीनं छातीही खराब झालीय. त्यांना नीट समजावून सांगा.”

मी “हो” म्हणालो. (मी कुठल्याही साहेबाला “हो”च म्हणतो. शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं त्यावरच काढली.)

बाहेर आई बाकावर बसली होती. “काय म्हनला रं डागदर?”

“काही नाही गं! बारीकशी गाठ आहे. पंधरा मिनिटांचं काम!”

“एवढंच व्हय? मंग हितंच काडायला सांग की. सांजच्या गाडीनं जाईन. शेळ्या वाट बगत्याल.”

मी आईला घरी घेऊन आल्यावर बायको, सुनंदा, म्हणाली, “अहो, त्यांना खरं सांगा.” मी म्हणालो, “घाबरून जाईल ती.” खरं तर घाबरलो होतो मी, आईचं नाव पुढं करणं सोयीचं होतं.

खोटं बोलायला सोपं असतं, सांभाळायला माणूस कमी पडतो. मिश्री सोड म्हटलं तर आई म्हणाली, “पंधरा मिन्टाच्या कामाला मिसरी कशाला सोडू?” तर्क बिनतोड होता! छातीच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं होतं; ओढून श्वास घेतला की गोळ्या वर जातात. आईनं ते शेजारच्या पोराला खेळायला दिलं. मग मीच रोज गोळ्या वर चढवत बसायचो, निदान घरातल्या कुणाची तरी छाती सुधारावी म्हणून.

सोमवारी आईला दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशन मंगळवारी सकाळी. रात्रीपासून पोट रिकामं हवं. आता ह्याचं कारण काय सांगायचं? मला युक्ती सुचली.

“आई, उद्या मंगळवार. देवीचा उपास धर. तुझ्यासाठी नवस बोललोय मी.”

“धरते की! त्यात काय!”

सिस्टर समजावायला आल्या, तर मी त्यांना दारातच अडवलं. “मी सगळं सांगितलंय. तुम्ही बोलू नका, ती घाबरते.” स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी घरी जाऊन झोपलो.

सकाळी सहाला पोचलो. आई अंघोळ करून, कुंकू लावून, कॉटवर मांडी घालून बसली होती. मांडीवर डबा. डब्यात शेंगदाण्याचे लाडू.

“आई! काय खाल्लंस?”

“काय न्हाय. दोन लाडू, एक केळं आन् कपभर च्या. उपास हाय न्हवं माजा?”

मंगळवारच्या उपासाला आमच्याकडं हेच खातात. चाळीस वर्षं मी हे पाहत आलोय!

एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या कॉटवर मंद्रूपच्या काकू होत्या, त्यांचं त्याच सकाळी पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन. त्या रात्रीपासून बिचाऱ्या कोरड्या पडलेल्या. आईनं विचारलं, “तुमी बी मंगळवार धरता व्हय?” आणि त्यांनाही एक लाडू चारला!

दोन ऑपरेशनं रद्द. काकूंचा मुलगा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, ती बघून मलाच भूल चढायला लागली.

डॉक्टर आले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आईच्या कॉटवर टेकले. “मावशी, पोटात खाल्लेलं असताना भूल दिली तर ते उलटून छातीत जातं. जीव जाऊ शकतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” मग त्यांनी फुगा, हृदय, छाती, सगळं सांगितलं.

आईनं शांतपणे ऐकलं. “न्हाय केलं तर?”

“कधी फुटेल सांगता येत नाही.”

“केल्यावर उठंन का मी?”

“प्रयत्न पुरा करू. खात्री देत नाही.”

“आन् न्हाय उठले, तर नळ्या लावून किती दिस ठिवणार?”

हा प्रश्न मला, पदवीधराला, सुचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “ते तुम्ही घरच्यांना सांगून ठेवा.”

मग आई माझ्याकडं वळली. “शेळी इकायची आसली तरी मला इचारतूस. आन् माजं पोट फाडायचं, तर मलाच सांगितलं न्हाईस?”

मी रडायला लागलो. आई सिस्टरना म्हणाली, “ह्याला पानी द्या आदी.”

पुढची तारीख आठ दिवसांनी मिळाली. त्या आठ दिवसांत आईनं मिश्रीला हात लावला नाही. पोराकडून यंत्र परत आणलं आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या चढवल्या. पहिल्या दिवशी एक, शेवटी दोन. सांगोल्याहून आपल्या बहिणीला, माझ्या मावशीला, बोलावून तिच्याशी पोटभर बोलली. कुठली शेळी कुणाला द्यायची ते ठरवलं. आणि मला समोर बसवून सांगितलं, “डागदर म्हनला आता उपेग न्हाय, तर मला टांगून ठिवू नगंस. कळलं का? मान हलवू नगंस, तोंडानं बोल.”

“कळलं.”

ऑपरेशन झालं. रक्तवाहिनी दुरुस्त झाली, पण छातीनं दगा दिला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तोच नळ्यांचा प्रश्न विचारला. मला तिचं उत्तर माहीत होतं. मी ते तोंडानं बोललो.

तेराव्याला मावशीचा मुलगा चारचौघांत म्हणाला, “बाळूनं आईला समदं इस्वासात घिऊन केलं. शेवटाला काय पायजे त्ये बी इचारून ठिवलं. असं पोरगं पायजे!”

सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. सुनंदानंही पाहिलं, पण वेगळं. मी नम्रपणे मान खाली घातली आणि गप्प राहिलो.

खोटेपणाची सवय अशी तेरा दिवसांत कुठं सुटते!