डाग पडलेला पेला

मडकी कोणी घेईना, तेव्हा बाबांनी भट्टी लावणं सोडलं. गडब गावातल्या आमच्या घरामागे ती गार पडून होती. पण शेजारच्या खड्ड्यात गोणपाटाखाली मळलेल्या मातीचा शेवटचा ढीग होता आणि बाबा त्यावर रोज पाणी शिंपडत. ते पाणी पडत होतं तोवर माझी आशा सुटली नव्हती.

मी रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. कंपनीने नवं यंत्र शिकायला जपानला पाठवलं. सुट्टीला बाकीचे खरेदीला पळाले, मी हट्टाने मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं बिझेन गाठलं. म्हणायला शहर, पण आपल्या रोह्यासारखंच आटोपशीर. विटांची धुराडी, दारोदार मातीची भांडी. माती भातशेताखालून काढतात, आमच्यासारखीच. भांड्यांना रंग नाही, चकाकी नाही. भट्टीत आच लागून पडलेला काळा-तांबूस डाग, आणि लोक त्या डागावरच जीव टाकतात! मी एक चांगला डागवाला पेला उचलला. आता बाबा भट्टी कशी लावत नाहीत तेच बघते, असं म्हणत घरी आले.

बाबांनी पेल्याला टिचकी मारली, कान लावला.

"भाजलाय बेस. पन डागी हाय गो. फुकट दिला काय तुला?"

मी उत्साहात सगळं सांगून टाकलं. डागालाच मोल आहे, असे पेले तिथे काचेच्या कपाटात ठेवतात. भट्टीमागे खापरांचा ढीग आहे, बाबा त्याच्याकडे बघत राहिले. डाग पडलेलं मडकं बाजारात न्यायचं नाही, हा आमच्या घरचा बाणा. आजोबांपासूनची सगळी डागी मडकी तिथे फोडलेली.

"मंग आमी जल्मभर काय फोडलं?"

"आता लावू या ना भट्टी," मी म्हटलं.

"माती कुठनं आनू? शेतात मुरूम टाकून गोदाम बांधलंय. हाय ती एका भट्टीला पन पुरायची नाय."

मी पेला आणला नसता तर बरं झालं असतं, असं फार वाटलं.

पुढच्या सुट्टीला रोह्याहून घरी गेले, तर गोणपाट दोरीवर वाळत होतं. खड्ड्यातली माती पार तडकली होती. मी बादली उचलली.

"नको घालू," बाबा म्हणाले. "मऊ व्हईल परत, मंग हात शिवशिवतात."