उचलून नेलं

आमच्या भिवंडीच्या खोलीत पितळी हंड्यातलं पाणी कधी स्थिर नसे. भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालत, त्यांची खटखट जमिनीतून वर चढे आणि पाण्यावर बारीक वर्तुळं काढीत राही. खळीचा आंबूस वास, मशीनच्या तेलाचा वास, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू... पावसाळ्यात हे सगळं ओल्या भिंतींना चिकटून बसे. त्या आवाजात मला गाढ झोप लागायची. भीती वाटायची ती आवाज थांबला की. वीज गेली, लूम एकाएकी मुके झाले, की मी उठून बसायचे — आला, प्रभू आला.

कारण त्याची वाट पाहणं ही आमच्या घरातली रोजची गोष्ट होती. आई कारखान्यात कांड्या भरायची, धोट्यात बसणाऱ्या सुताच्या. वडील टेम्पो घेऊन सदा बाहेरगावी. खोलीत आम्ही दोघीच. तो परत येईल, आपल्या माणसांना वर उचलून नेईल, बाकीचे इथेच मागे राहतील, आणि हे सारं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडेल, असं चर्चमध्ये पाळकसाहेब दर रविवारी सांगत. ते ऐकताना आईच्या चेहऱ्यावर माहेरी निघालेल्या बाईसारखा उजेड असे. मला मात्र मागे राहिलेलेच दिसत. तयारी म्हणून तिने घरात एक रीत घातली होती. बाहेर पडताना एकमेकींना विचारायचं, "मनात काही राहिलं नाही ना?" राग, खोटं, रुसवा, जे असेल ते उंबऱ्याच्या आतच मिटवायचं. मोकळं मनच वर जाऊ शकतं, असं तिचं म्हणणं. मला ते रोज सकाळी परीक्षेला बसल्यासारखं वाटे.

मी तिसरी-चौथीत असेन. शाळेची सहल वज्रेश्वरीला, गरम पाण्याच्या कुंडांवर निघाली होती आणि आईने नाही म्हटलं होतं. त्या सकाळी तिने नेहमीचा प्रश्न विचारला, तर मी तोंड फिरवून चालती झाले. दुपारी परतले तेव्हा वीज गेलेली, सगळी गल्ली मुकी. दार सताड उघडं, आईच्या चपला बाहेरच, परातीत अर्धवट मळलेली कणीक, तिच्यावर बोटांचे ठसे अजून ओले... आणि आई नाही. शेजारच्या खाला धावत आल्या आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "बेटा, तेरी मम्मी को उठा के ले गए."

दुसऱ्या कुणाला या शब्दांचा काहीही अर्थ लागला असता. मला एकच लागला. आई गेली, मी राहिले, आणि राहिले ती सकाळी न बोलता निघाले म्हणून. खाला पुढे काही सांगत होत्या, पण मी धावत सुटले. चहावाला, हातगाडी ढकलणारे, कापडाच्या ताग्यांवर पेंगणारा हमाल — रस्त्यावरचा जो तो मला मागे राहिलेला दिसत होता, आणि आता या सगळ्यांबरोबर मलाही कायमचं इथेच राहायचं होतं. पाळकसाहेबांचं घर तर रिकामंच असणार अशी माझी खात्री होती. तरी पाय तिकडेच वळले. ते ओट्यावर बसून पोहे खात होते.

"तुम्हीपण राहिलात?" मी विचारलं.

चमचा त्यांच्या हातातच थांबला. दर रविवारी छातीठोकपणे आभाळाकडे बोट दाखवणारे ते गृहस्थ क्षणभर पांढरेफटक पडले आणि त्यांनी घाईघाईने आत वळून बायकोला हाक मारली. आतून 'ओ' आली, तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मोठ्या माणसांनाही हीच भीती असते, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी आणखीच घाबरले.

पाळकसाहेबांनी गल्लीत चौकशी केली तेव्हा कळलं, आई सरकारी दवाखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन कणीक मळताना चक्कर येऊन पडली, आणि गल्लीतल्या लोकांनी उचलून रिक्षातून नेलं होतं. त्यांनीच मला सायकलवरून तिथे पोचवलं. सलाईन लावलेला तिचा हात थंडगार होता. मी तोंड उघडण्याआधीच ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, आला तो. तर मी म्हटलं, आज नको, प्रभू. पोरगी न बोलता गेलीय."

जन्मभर 'ये' म्हणणाऱ्या बाईने माझ्यासाठी त्याला थांबवलं होतं. मी तिच्या कुशीत तोंड खुपसून खूप रडले.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आणि गेली तेव्हा आमच्या दोघींच्या मनात काहीच अडलेलं नव्हतं. मी आता मानकोलीच्या एका गोदामात नोकरी करते, रविवारी चर्चला जाते, तो येईल आणि आधी गेलेल्या आपल्या माणसांना बरोबर आणील, हे वचन ऐकते... मागे राहण्याची भीती गेली असं म्हणवत नाही. मी वाट पाहते, हेही खोटं नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त मी त्याच्याबरोबर येणाऱ्या आईची वाट पाहते. आणि हे पाप आहे का, हे कुणाला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.